बॉनेटमधली बाई

आमच्या गाडीत एक बाई रडायची.

सपाट रस्त्यावर गप्प. चढ लागला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की बॉनेटमधून ‘ऊंऽऽऽ’ असा बारीक हुंदका निघायचा आणि गाडी जड व्हायची, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. (आणि ही टर्बो गाडी! सगळ्यांचा विरोध मोडून मीच सेकंडहँड घेतलेली!)

"आरं, आधीच्या मालकाच्या घरात कुनी बाई गेली व्हती का?" आईनं विचारलं. आई सायखेड्याची, असल्या बाबतीत तिचा अंदाज चुकत नाही म्हणे.

मी हसलो. तरी गाडी आणल्यापासून दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतच होतो. बाहेर लटकवलेली माझ्या बायकोला, वैशालीला, गावठी वाटायची, म्हणून बॉनेटच्या आत, एका जाड रबरी पाइपला तारेनं. कारखान्यातला माणूस मी, पकडीनं असा पीळ द्यायचो की लिंबू सुकेल पण हलणार नाही! रडणं वाढलं तशी मी लिंबंही वाढवली.

शेवटी पेठला जायला निघालो तेव्हा वैशाली म्हणाली, "अहो, आज ती घाटात रडली, तर गाडी विकायची."

जीव होता माझा त्या गाडीवर.

सावळ घाटात भर दुपारी धुकं. पुढचं वळण दिसेना, मागचा रस्ता दिसेना. आणि बाईनं असा टाहो फोडला की आईनं रामरक्षा सुरू केली. गाडी रांगत रांगत थांबलीच.

"विकली!" वैशाली म्हणाली.

मी उतरून बॉनेट उघडलं आणि वैशालीला म्हणालो, "तू जरा अ‍ॅक्सिलरेटर दाब."

‘ऊंऽऽऽ!’ मी हात आत घातला आणि माझ्या मनगटावर कुणीतरी गरम श्वास सोडला!

"आई गंऽऽ!"

"वळखीची हाय का रं?" आईनं काचेतून विचारलं.

देवाचं नाव घेऊन पुन्हा चाचपलं. लिंबांच्या घोसाखाली पाइपला चीर पडली होती. टर्बोनं इंजिनाकडे ढकललेली हवा तिथूनच रडत बाहेर पडत होती, म्हणून चढावर गाडीला जोर नव्हता. तार घासून घासून पाइप कापला होता.

"बाई-बिई काही नाही! पाइप फाटलाय तारेनं!" मी विजयानं ओरडलो.

"तार कुणी आवळली?" वैशालीनं शांतपणे विचारलं.

एवढं दाट धुकं, पण मला लपायला जागा सापडेना.

नवा पाइप बसला, रडणं थांबलं, गाडी राहिली. आईला मात्र हे पटलेलं नाही. सायखेड्यात ती अजून सांगते, "भूत व्हतंच की! फकस्त बाई नव्हती, बाप्या व्हता. आजून डायवरच्या शीटवर बसतो!"