अप्पांनी धुतलेला एक पाय

अत्यंत गंभीर अशी एक बाब मी आज जाहीर करीत आहे. पंचावन्न सालच्या आसपास, कुंभकोणम् शहरात, भर दुपारी चार वाजता, साक्षीदारांसमक्ष, माझ्या वडिलांनी एका माणसाचा एक पाय धुतला आणि ते थांबले. दुसरा पाय तसाच राहिला. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात माझी जी शोभा झाली, ती मला अजून पुरते आहे.

आधी आमच्या घराविषयी. कुंभकोणम्‌मध्ये मराठी घरं पुष्कळ. तंजावरच्या राजांबरोबर आली आणि इथलीच झाली. ख्रिस्ती घरंही पुष्कळ. पण मराठी आणि ख्रिस्ती असं घर एकच, आमचं. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आम्ही दोन्हीकडे थोडे जास्त आणि दोन्हीकडे थोडे कमी. बाजारात तमिळ, शाळेत तमिळ, चर्चमध्ये तमिळ. मराठी फक्त घरात आणि देवाशी. तीही इतकी जुनी, की माझ्यासाठी एकदा अहमदनगरकडचं स्थळ आलं, तेव्हा तो मुलगा अप्पांशी तासभर बोलून बाहेर गेला आणि आपल्या मामाला म्हणाला, "मुलगी बरी आहे हो, पण घरात सगळे बखरीसारखं बोलतात." (मुलगी बरी आहे, एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. पण मामांनी बखर लक्षात ठेवली.)

अप्पा शाळेत भूगोल शिकवत. धर्माच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता: वाचलं की करायचं. दोन अंगरखे असणाऱ्यानं एक द्यावा, हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. अप्पांनी ते एका शनिवारी वाचलं आणि सोमवारी आपला एकुलता एक बरा कोट स्टेशनवरच्या जटकावाल्याला, म्हणजे टांगेवाल्याला, देऊन टाकला. त्याच आठवड्यात शाळेत इन्स्पेक्टर आले. त्यांना आणणारा जटकावाला कोटात आणि दारात स्वागताला उभे असलेले अप्पा सदऱ्यावर! साहेबांनी आधी कुणाशी हात मिळवला, ते मी वडिलांची मुलगी असल्यामुळे सांगत नाही.

शेजारी अंबूअक्का राहायच्या. त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ. बाप्तिस्म्यानंतर मधे एक भिंत आली, पण ती कमरेएवढीच राहिली, आणि विहीर दोघांत एकच. अक्का वैष्णव, कडक सोवळ्याच्या. आमच्या घरचं पाणी त्या प्यायल्या नाहीत. आमच्या घरची एकही बातमी मात्र त्यांनी कधी सोडली नाही. माझं नाव रूथ. ते त्यांच्या जिभेला मानवेना, म्हणून त्यांनी मला परस्पर रुक्कू करून टाकलं. अप्पांना त्या 'तंबी' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि वागवतही तसंच.

आता ज्याचा पाय धुतला, तो. त्याचं नाव ज्ञानराज. तमिळ मुलगा, आडुतुरैला भाताच्या संशोधन केंद्रात नोकरीला. दर शनिवारी बसनं कुंभकोणम्‌ला यायचा, कारण आमच्या चर्चमधल्या गायकांचा तो म्होरक्या होता. रविवारी कोणती गीतं म्हणायची ते तो ठरवी, आणि ते आकडे फळ्यावर खडूनं लिहायची सेवा माझ्याकडे होती. शनिवारी संध्याकाळी तो मला एक चिठ्ठी देई. तिच्यावर गीतांचे तीन क्रमांक. "नमस्कार" नाही, "कशा आहात" नाही. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या आईच्या जुन्या शिवणाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. जगात नुसत्या आकड्यांची प्रेमपत्रं जमवणारी मी एकटीच असेन, आणि त्याला तर ती प्रेमपत्रं आहेत हेही ठाऊक नव्हतं!

चर्चमध्ये पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मला तिथून त्याची फक्त मान दिसे. पण चार वर्षांत ती मान मला इतकी पाठ झाली होती, की हजार मानांमधून मी ती ओळखून काढली असती. चिठ्ठी घेताना मी खाली पाही, त्यामुळे चेहऱ्याबद्दल मात्र खात्री नव्हती.

आणि मग ते भांडण झालं. माझ्या पणजोबांनी तमिळ चालींवर मराठी पदं रचली होती. सगळी मंडळी तमिळ गात, तेव्हा अप्पा त्याच चालीवर पणजोबांचं मराठी पद गात, डोळे मिटून, पहिल्या रांगेतून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मराठी शब्द लांब, त्यामुळे प्रत्येक ओळ संपायला अप्पांना अर्धी मात्रा जास्त लागे. सगळं चर्च थांबलं, की अप्पांचा शेवटचा शब्द एकटाच छताखाली फिरून खाली यायचा. एका रविवारी ज्ञानराजनं हात वर करून गाणं थांबवलं आणि फार अदबीनं विचारलं, "अय्या, थोडं हळू म्हणाल का?"

अप्पांनी हळू म्हटलं नाही. त्यांनी म्हणणंच बंद केलं. सात महिने ते चर्चमध्ये ओठ घट्ट मिटून उभे राहिले. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेतही पद नाही. आई एकदा म्हणाली, देवाला वाटेल आपण घर बदललं. अप्पा म्हणाले, "वाटू दे." रात्री जेवताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्यामागे या भाषेत त्याला कोण हाक मारणार आहे? आत्तापासून सवय झालेली बरी." त्या सात महिन्यांत मला चिठ्ठ्याही चर्चच्या शिपायाच्या हातून येऊ लागल्या. घरातला आवाज गेला आणि त्याच्या हातून मिळणारे माझे आकडेही गेले. सांगायचं कुणाला? सव्वीस वर्षांच्या मुलीनं वडिलांना काय सांगावं, की तुमच्या रागामुळे माझी आकडेवारी थांबली?

अशा वेळी ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला आणि पाळकसाहेबांनी उपदेशासाठी नेमका तो प्रसंग निवडला: प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. मी आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले. अप्पांनी ऐकलं होतं. म्हणजे आता करायचं.

सोमवारी सकाळी दूधवाला गोविंदन नेहमीप्रमाणे गाय घेऊन दारात आला. अप्पा तांब्या घेऊन त्याच्यापुढे वाकले. मोठ्या माणसानं आपल्या पायाला हात लावायचा, हे त्याच्या हिशोबात महापाप. तो "सामी, सामी" करत असा पळाला, की गाय इथंच राहिली. दुपारपर्यंत ती आमच्या अंगणात उभी होती आणि तिनं आईची कढीपत्त्याची दोन रोपं खाल्ली. मंगळवारी अप्पा तो कोटवाला जटकावाला गाठायला गेले. त्याला वाटलं, कोट परत मागायला आले. त्यानं कोट काढून अप्पांच्या हातात दिला आणि घोड्याला चाबूक मारला. बुधवारी ते ओळखीच्या पितळेच्या दुकानदाराकडे गेले. तो हसून म्हणाला, "माझे पाय कशाला, सार? ही पन्नास भांडी आहेत, ती घासून द्या, आशीर्वाद देतो." अप्पांनी ती भांडी घासून दिली! पण पाय राहिलेच.

संध्याकाळी ते विहिरीपाशी हताश होऊन बसले. एवढ्या मोठ्या शहरात कुणी पाय देईना. अक्का भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्याच.

"तंबी," त्या म्हणाल्या, "तुझ्या शास्त्रातलं मला काही कळत नाही. पण दूधवाल्याचे पाय धुण्यात तुला कसली लाज? तुला तर हौसच आहे. ज्याच्यापुढं वाकायला तुझी मान दुखेल, त्याचे धू की."

अप्पा विहिरीपासून उठले. मग मला हाक मारून म्हणाले, "त्या आडुतुरैच्या पोराला निरोप धाड."

आडुतुरैला सकाळी जाणाऱ्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी द्यायची होती. चिठ्ठी मी लिहिली. अप्पांनी सांगितलेला मजकूर असा: गुरुवारी चार वाजता घरी यावे, पायांसंबंधी काम आहे. (ज्ञानराजनं पुढं सांगितलं, की चिठ्ठी वाचून त्याला वाटलं, आपल्याला पायांवर लोळण घ्यायला बोलावलं आहे, आणि तो त्यालाही तयार होता.)

गुरुवारी आईनं संध्याकाळच्या खास उपासनेला चर्चला जायचं म्हणून आधीच रेशमी साडी नेसली. अप्पांनी धुवट धोतर. विहिरीजवळ पाट मांडला, समोर पितळेची परात. मला एकच काम होतं: पाणी कोमट करायचं. पाणी चुलीवर ठेवून मी आरशापुढे उभी राहिले आणि केसांत मोगरा माळू लागले. बाहेर पडलेलं फूल पुन्हा आत खोचायला किती वेळ लागतो, ते बायकांना विचारा. मी परत आले तेव्हा पाण्याला आधण आलं होतं. त्यात तांब्याभर गार पाणी ओतलं आणि देवावर भरवसा ठेवला.

ज्ञानराज आला, तो चालत. बस वाटेत बंद पडली होती, वहाणेचा अंगठा तुटला होता, आणि शेवटचे दोन मैल तो अनवाणी आला होता. पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. अप्पा खूश झाले. सबंध आठवड्यात पहिल्यांदा त्यांना खरोखर धुण्यासारखे पाय मिळाले होते!

"बस," ते म्हणाले. "उजवा पाय पुढं कर."

आईनं पाणी ओतलं. ज्ञानराजनं ओठ आवळले, डोळे गच्च मिटले, पाटाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला वाटलं, केवढी भक्ती! अप्पांच्याही बोटांना चटका बसला, पण त्यांना वाटलं, नम्रता अशीच भाजते. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मी मोगऱ्यासकट दाराच्या चौकटीला चिकटून उभी होते.

अप्पांनी पाय धुतला. पंच्यानं पुसला. मान खाली ठेवूनच मराठीत म्हणाले, "सात महिने मी तुझ्यावर राग धरला. चूक माझी."

ज्ञानराजला मराठी येत नव्हती. पण त्यानं अप्पांच्या पदातली एक ओळ म्हटली, चालीवर, हळूच: तुझ्या पायरीची धूळ माझ्या कपाळी लागो. धुळीची 'दूळ' झाली होती, पण ळ असा खणखणीत, की नगरच्या मामांनी शिकून घ्यावा.

अप्पांच्या हातातला पंचा तसाच राहिला. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"चार वर्षं तुमच्यापुढं उभा राहतो, अय्या," तो तमिळमध्ये म्हणाला. "न शिकून कुठं जाऊ? तुम्ही अर्धी मात्रा मागं असायचात, त्यावरून मला कळायचं मी कुठं आहे ते. तुम्ही थांबलात, तेव्हापासून सगळं चर्च धावत सुटलंय."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. एक भला माणूस, दुसरा भला माणूस, एक धुतलेला पाय. पण भिंतीपलीकडे अक्का सुपात तांदूळ निवडत होत्या, आणि त्यांनी नुकतीच मान वर केली होती. त्यांना काय दिसलं, ते नीट समजून घ्या. आमच्याकडे लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो आणि मुलीची आई पाणी घालते. आणि इथं पाटावर तरुण मुलगा, खाली परात, पाय धुणारा बाप, रेशमी साडीत पाणी घालणारी आई, आणि दारात केसांत मोगरा माळून मी!

"तंबी! मला सांगायचं नाही?" अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या देवाचा का असेना, जावई बेस आहे." आणि त्यांनी सुपातले तांदूळ मूठ भरून भिंतीवरून आमच्यावर टाकले.

ज्ञानराजच्या केसांत, खांद्यांवर, परातीत तांदूळच तांदूळ. त्यानं गोंधळून एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, "जुना सांबा आहे." सांबा ही तिकडची भाताची जात; भाताच्या केंद्रातल्या बिचाऱ्याला तेवढंच सुचलं.

दुसऱ्या पायाकडे निघालेला अप्पांचा हात मधेच थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं, तांब्याकडे, पाटाकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या मोगऱ्याकडे. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला आपण कुठं उभे आहोत ते पहिल्यांदाच कळलं. परातीत एक पाय लालबुंद, दुसरा परातीबाहेर धुळीनं काळा.

अप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अक्काही गेल्या. त्या विहिरीवर आता कुणाचा तरी पंप बसला आहे. रविवारी गाणं संपलं, की मी अजून त्या अर्ध्या मात्रेची वाट पाहते; सगळे खाली बसतात आणि मी उभीच असते. देवानं मला एकच क्षण परत देऊ केला, तर मी तोच मागेन: अप्पा पाटापुढे बसलेले, हातात पंचा, आणि पुढं काय करावं ते त्यांना कळत नाही.

अशा क्षणी चांगल्या घरच्या मुलीनं खाली मान घालून आत जायचं असतं. आईनं डोळ्यांनी मला तेच सांगितलं. मी आत जायला वळलेही. पण सात महिने त्याच्या हातून एक आकडासुद्धा न मिळालेल्या माझ्या तोंडानं मला न विचारता, अक्कांना भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगून टाकलं:

"अप्पा, दुसरा पाय राहिला. आता पाणी निवलंय!"