आप्पांच्या पाइपवरच्या रेषा

तंबाखू ओढायचा पाइप नाकाच्या कडेला तीनदा घासायचा, मग खिडकीच्या उजेडात तिरपा धरायचा आणि म्हणायचं, “आधी रेषा बघा.” दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात शेजारच्या टेबलावरून आप्पांनी हे माझ्यासमोर किती वेळा केलं असेल, देव जाणे. नाकाच्या तेलानं लाकडाला तकाकी येते, असं त्यांचं म्हणणं. दौंडच्या उन्हाळ्यात तेलाला तोटा नव्हता.

तुम्ही म्हणाल, पार्सल क्लार्कला पाइपचा शौक? अहो, तेच तर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाकी सगळं ऑफिस तळहातावर तंबाखू मळत असताना या गृहस्थाकडे पाच विलायती पाइप होते. पुण्यातला कुणी म्हातारा साहेब घराची आवराआवर करतोय असं कानावर आलं की आप्पा पहिल्या गाडीनं तिथं हजर. पाचवा पाइप ब्रायरचा, म्हणजे समुद्रापारच्या कुठल्याशा झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेला. त्याच्या तंबाखू भरायच्या वाटीवर म्हणे खालून वर केसाएवढ्या सरळ रेषा होत्या, आणि असं लाकूड क्वचितच सापडतं. त्यापायी आप्पांनी स्कूटर विकली आणि पुढची सगळी नोकरी पायी केली.

आणि पाचांतला एकही पाइप त्यांनी कधी पेटवला नाही. मी एकदा विचारलं, तर माझी कीव करत म्हणाले, “पेटवायला बिडी हाय की.”

ओढलेल्या पाइपला विश्रांती द्यावी लागते, असं मात्र त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून न ओढलेल्या पाइपांचा ड्यूटी चार्ट घरच्या भिंतीवर लावलेला. आज तीन नंबरची सुट्टी, म्हणून खिशात चार नंबर. एकदा तीन नंबर चुकून लागोपाठ दोन दिवस खिशात आला, तर त्याला बदली सुट्टी दिली. खोटं नाही सांगत. शिरूरला सासऱ्यांनी पाइप उलटसुलट करून पाहिला आणि पोरांच्या कानात तेल सोडायला बरा हाय म्हणाले, तर जावई दोन वर्षं शिरूरला फिरकला नाही.

या माणसाला आयुष्यात एकच हवं होतं. कुणाला तरी त्या रेषा दिसाव्यात. मला दिसत नव्हत्या. तपकिरी लाकूड, बस्स. पण समोरचा इतक्या आशेनं तोंडाकडे बघत असेल तर काय करणार? मी म्हणायचो, “वा आप्पा, काय सरळ आहेत हो!” आप्पांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खोटं बोलत नसत. मला काय बी दिसत न्हाई, म्हणत आणि कामाला लागत. आप्पांचा चेहरा तेवढ्यापुरता उतरायचा.

एका वर्षी पुण्याच्या पाइपशौकिनांचं त्यांना पत्र आलं. दसऱ्याला चहाला या, आपला पाइप घेऊन या. आप्पा आठवडाभर हवेत. आता बघणारी माणसं भेटणार म्हणाले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आप्पा अंघोळ करून बाहेर आले, तर पाटावर विळा, कोयता, शिलाई मशीनची कात्री आणि मधोमध पाच नंबर. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.  आप्पांनी फूल बाजूला केलं आणि पाइप उचलून खिडकीशी धावले.

वहिनींना कळेचना काय झालं ते. “तुमचं हत्यार न्हवं का ते? नाकाचं तेल चालतंय, मग घाण्याचं का न्हाई? चांगलं चोळून लावलंय.” त्या तेलाबरोबर हळद लाकडात मुरली होती. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं तासभर पुसलं. धोतर पिवळं झालं, पाइपही पिवळाच राहिला.

तरी ते पुण्याला गेले. मीही सोबत होतो. त्या मंडळींनी पाइप हुंगला, हा कुठला मसाला म्हणून विचारलं आणि पोट धरून हसले. मग कंपनी कुठली, केवढ्याला घेतला.  परतीच्या गाडीत केडगावला आप्पा एवढंच म्हणाले, “एकानं बी उजेडात धरला न्हाई.”

घरी वहिनींनी त्यांच्या हातातून पाइप काढून घेतला. पदरानं पुसावा म्हणून दारातल्या उजेडात नेला आणि तिथंच थांबल्या. “अवो, ह्या व्हय त्या रेषा? उसाच्या सऱ्यांवानी?” हळद नेमकी रेषांत जाऊन बसली होती. नखानं एकेक रेष खालून वर मोजू लागल्या. आप्पांनी नाक पुसलं, पण या खेपेला रुमालानं. दुसऱ्या दिवशी चार्टवर पाच नंबरच्या पुढं वहिनींचं नाव चढलं.

आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. ते गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी त्यांच्या घरी गेलो. पाटावर तोच पाइप. वहिनींनी तो उचलला, नाकाच्या कडेला तीनदा घासला, तिरपा धरला आणि म्हणाल्या, “आधी रेषा बघा.”

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “वा, काय सरळ आहेत हो!”

“ऱ्हाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला दिसत न्हाईत, हे त्यांस्नी पहिल्यापास्नं ठावं हुतं. पर म्हणायचे, गडी खोटं बोलतोय खरा, पन रोज बघतोय.”

मला फार लागलं ते. मी पाइप घेऊन खिडकीशी गेलो, चष्मा पुसला, पाइप उजेडात धरला. पिवळं तेवढं दिसत होतं, आणि थोड्या वेळानं तेही दिसेना. मागून वहिनी जेवायला बसा म्हणत होत्या.

“थांबा वहिनी,” मी म्हटलं. “अजून बघतोय.”