अर्धा फेटा

माझे दीर हौशीराम भावजी बोरीत फेटे बांधतात. आमदार सहा वेळा निवडून आला, सहाही वेळा त्याला फेटा भावजींनीच बांधला. बांधताना एकच मागणं, “साहेब, पाण्याच्या मोटारीला दिवसाची लाईट द्या. रात्री उसात बिबट्या असतो.” तो म्हणायचा, “झालंच समजा, राव!” तीस वर्षं समजतोय आमी.

औंदा रात्री उसाला पाणी देताना बिबट्यानं त्यांच्या भरतला धरलं. पोरगं वाचलं, हात गेला. सातव्यांदा निवडून आल्यावर सत्काराला फेटा बांधताना भावजींनी ते सांगितलं.

आमदार म्हणाला, “अरेरे! पावणं, तुमी कोणत्या गावचे?”

भावजी अर्धा फेटा सोडून स्टेजवरून उतरले. फेट्याचं टोक तोंडावर लोंबत होतं, तरी मेला माईकपुढं हसतच होता. किळस आली मला.