झावळ्यांच्या रविवारची वाट

चर्चमधल्या लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे कसा आला, त्याचं उत्तर सोपं आहे. आधीच्या बाई लग्न होऊन गेल्या, दुसरं कुणी तयार होईना, आणि माझा आवाज मोठा. तेवढीच पात्रता. आठवडाभर मी सफाई कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायची, बसस्टँडवर वाटायची, पोलिसांची बोलणी खायची. आणि रविवारी सकाळी तंजावूरच्या आमच्या चर्चमागच्या खोलीत चटईवर बसून पाच-सहा वर्षांच्या पोरांना कोकरू रंगवायला द्यायचं. बोटांची शाई निघालेली नसायची.

आई राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी, वडील तमिळ ख्रिस्ती. वडील गेल्यापासून चर्चला मी एकटीच जाते, आई घरी तिच्या देवांपाशी असते. मी निघाले की म्हणते, "तिथं तरी भांडून येऊ नको." तिचा गुडघा दुखतो, घरमालक जागा सोडा म्हणतो, माझी नोकरी टिकत नाही. हे सगळं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं आणि आत जाऊन मुलांना शांतीचा पाठ द्यायचा. मला एका जागी बसता येत नाही, मी कसली शांती शिकवणार?

मग मला येतं तसं शिकवलं. मोर्चात शिकवतात तसं. अर्धं वचन मी ओरडायचं, उरलेलं पोरांनी. भराभर पाठ झालं. मी टाळी वाजवली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, हेही मोर्चातलंच. शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या.

झावळ्यांच्या रविवारी आमची मिरवणूक निघते. येशू यरुशलेमेत आला त्याची आठवण म्हणून नारळाची कोवळी झावळी हातात, ओठांवर होसान्नाचा जयघोष, पुढे लहान मुलं, मागे गायकवृंद आणि पाळक, म्हणजे आमचे पाद्री. वाट ठरलेली: चर्चच्या फाटकातून रेशन दुकानापर्यंत, तिथून डावीकडे पाण्याच्या टाकीला वळसा, परत चर्च. रेशन दुकानापासून सरळ गेलं की कालव्यावरचा छोटा पूल आणि पलीकडे दलितांची गल्ली. त्या गल्लीतले लोक आमच्याच चर्चचे सभासद आहेत. प्रभुभोजनाला एकाच भाकरीतला तुकडा खातात. मिरवणूक मात्र पूल ओलांडत नाही. देवापुढे सगळे सारखे असं फाटकावर रंगवलंय. ते फाटक ओलांडलं की देव डावीकडे वळतो.

माझ्या वर्गातली एक मुलगी त्या गल्लीतली. तिचे पुढचे दोन्ही दात पडलेले. दर रविवारी तिचा एकच प्रश्न: "अक्का, आमच्या घरावरून जाईल ना?"

मी पाळकांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, तेच तर अवघड. म्हणाले, वाट पूर्वीपासूनची आहे, पुलापलीकडे रस्ता अरुंद. मी म्हटलं, "मतं मागायला जीपगाड्या जातात तिथं, अय्या." ते हसले. पत्रकातलं पत्रकात ठेव अम्मा, म्हणाले, मुलांना चित्रं रंगवू दे.

मी तडक घरी जाऊन पत्रक लिहिलं, त्यात ती मुलगी आणि तिचा प्रश्न. छापण्याआधी तिच्या आईला वाचून दाखवलं. ती सरकारी दवाखान्यात आयाचं काम करते. ड्यूटीवर निघालेली, उभ्यानंच ऐकलं.

"चांगलं लिहिलंय टीचरम्मा," ती म्हणाली. "पण गाजावाजा तुमचा होईल आणि वर्गातून जाईल माझी पोर. तिला ठेवा त्यातून बाहेर."

मी कागद फाडला. रागाने. राग कोणावर, ते ठरेना.

इकडे मिरवणुकीची तालीम चालू होती. पोरांना ओळीत चालता येत नाही, म्हणून रविवारी त्यांना रस्त्यावर घेऊन जात होते. रेशन दुकानाशी आलो की ऊन तापलेलं, पोरं पाणी पाणी करायची. ती मुलगी म्हणायची, आमचं घर हे इथंच. मग पूल ओलांडून तिच्या दारात जायचो, तिची आई ताक द्यायची, आम्ही परत फिरायचो. दर तालमीला हेच. डावीकडे वळायचं असतं हे मी पोरांना शिकवलंच नाही. माझ्या डोक्यात पत्रक होतं, पाळक होते. पोरांच्या पायांकडे लक्ष कुणाचं?

झावळ्यांच्या रविवारी पोरं पुढे, मी त्यांच्या बाजूने. अर्धी ओळ मी, अर्धी त्यांची. रेशन दुकानाशी मागून गायकवृंद डावीकडे वळला. पोरं ताकाच्या दिशेने सरळ गेली.

"अम्मा, टाळी वाजव," मागून पाळक म्हणाले. आवाज चढवला नाही.

एक टाळी, आणि सगळी जागच्या जागी थांबली असती. मी हातातली झावळी दुसऱ्या हातानेही घट्ट धरली आणि चालत राहिले.

पोरांमागे आईबाप धावले. जन्मात पूल न ओलांडलेली माणसं रेशमी साड्या सावरत गल्लीत आली. एकाने मुलाला दंड धरून ओढत नेलं. ताक पुढे केल्यावर एक बाई आताच कॉफी झाली म्हणाल्या, घाम पुसत. दोघीतिघींनी घेतलं. एकीने दुसरा पेला मागितला. आणि ती मुलगी, इतके दिवस माझं डोकं खाणारी, दाराशी पोचताच आईच्या साडीत तोंड लपवून उभी राहिली. झावळी तेवढी बाहेर.

माझा वर्ग काढून घेतला नाही. तिलाही कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षीपासून लहान मुलं मधोमध चालतील, पुढे मोठे, एवढंच चर्चच्या बैठकीत ठरलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी, म्हणे. त्या बैठकीत मी बोलले. फार बोलले. काही उपयोग झाला नाही.

पुढच्या रविवारी मुलांना हे सांगितलं. त्या मुलीने कोकराचा पाय निळा रंगवता रंगवता वर पाहिलं.

"मधून तर मधून. आमच्या घरावरून जाईल ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग विचारा ना त्यांना, अक्का."

वर्ग सुटल्यावर मी पुन्हा पाळकांच्या दारात उभी होते. चपला काढल्या नव्हत्या.