देवीनं परत दिलेली लेक

दुसरी मुलगी झाली आणि माझं रडू थांबेना. "पोरगी झाली म्हणून रडती," असं सासूबाई गल्लीभर सांगायच्या. तसं असतं तर बरं होतं, निदान कारण तरी सापडलं असतं! पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं, नवरा वाळूजच्या कंपनीतून दमून यायचा. बाळ रडलं की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. जिला स्वतःच्या लेकराची माया नाही, तिचं देवी काय ऐकणार, असं मनाने घेतलं होतं.

आमच्या सासरची एक रीत आहे. सव्वा महिन्यानं बाळ कर्णपुऱ्याच्या देवीच्या पायरीशी ठेवायचं, "तुझं तुला दिलं" म्हणायचं. मग सोबतच्या सवाष्णीनं ते उचलून आईच्या ओटीत घालायचं. मी त्याच्या आधीच एका दुपारी, कुणाला न सांगता, एकटी गेले. मला लेक परत घ्यायचीच नव्हती. पायरीवर ठेवली, ते शब्द म्हटले आणि चालू लागले.

फाटकाशी कुणीतरी मागून पदर ओढला. बाहेर बांगड्या विकणारी एक मुसलमान मावशी बाळाला घेऊन धापा टाकत उभी होती. "इसकू किदर छोड के चले? देवी ने तुमकूच दी है, लेव," म्हणत तिने लेक माझ्या ओटीत घातली. आमची रीत तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी तिथेच बसून रडले. ती रागावली नाही. "मेरे कू भी ऐसाच हुआ था. बीमारी है ये, सरकारी दवाखाने में दवा मिलती. कल आव, मैं आती संगात."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या. "येड्याच्या डॉक्टरकडं जाती व्हय? लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मी जाणार. तुम्हीबी चला, लेकरू धरायला."

त्या कुरकुरत का होईना, आल्या; मावशीही बोलल्याप्रमाणे सोबत होती. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. एकही गोळी मी चुकवली नाही, एकही खेप टाळली नाही. काही महिन्यांनी अंघोळ घालताना लेक हसली आणि मलाही हसू आलं. सासूबाईंनी तेव्हा डोळ्यांना पदर लावला.

आता गल्लीत कुणी बाळंतीण गप्प पडून आहे असं कळलं, की मी तिच्या दारात जाऊन बसते. मंगळवारी मावशीकडून बांगड्या भरून देवीच्या पायरीशी टेकते. मागायला काही सुचत नाही. मी लेक टाकून निघाले होते, तिने आम्हा दोघींना उचलून घेतलं.