बारीक शीळ

अंदमानला जाण्याआधी मी तिथल्या पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर ऐकून पाठ करत होतो. सुप्याच्या माळरानावर पक्षी लांबूनच दिसतो, त्यामुळे कानांची कधी गरज पडली नव्हती. दाट जंगलात मात्र तो आधी ऐकू यावा लागतो. एक आवाज काही केल्या वाजेना.

"बिघडलंय वाटतं," मी म्हणालो.

"अहो, वाजतोय की! किती बारीक शीळ घालतोय," भाकरी थापता थापता बायको म्हणाली.

सगळे आवाज तपासले. वीसपैकी चार मला ऐकूच येत नव्हते.

"इतकी वर्षं एकटेच हिंडलात पाखरांमागं. आता?"

तिकीट एकच काढलं होतं. त्याच संध्याकाळी दुसरं काढलं. आता भाकऱ्या होईपर्यंत मी आवाज लावतो आणि ती पक्षी ओळखते.