हिच्या बोटाचे आकडे

आमची ही हातशिलाईत माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी तीस वर्षांत तिच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही. आमचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी मापं घेतो, मशीन चालवतो आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो. ही खिडकीजवळच्या स्टुलावर बसून पँटचे पाय दुमडून शिवते. बाहेरून एक टाका दिसला तरी उसवून पुन्हा घालते, मग गिऱ्हाईक दारात का ताटकळेना. बोलते कमी, पण टोमणा असा मारते की तो माणसाला घरी गेल्यावर कळतो.

साखर निघाली ती मला. दवाखान्याचा सगळा कारभार इथल्या भाषेत, आणि मला ती कपड्यांच्या मापापुरतीच येते. म्हणून तिथल्या नर्सबाईंनी, त्यांची आई आपल्यातलीच, आपली भाषा बोलणाऱ्या आम्हा अठरा पेशंटांचा फोनवर एक ग्रुप काढला. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. त्या आपल्या भाषेत बोलून निरोप पाठवायच्या: चाला, गोळी चुकवू नका, पावलं तपासा. योजना उत्तम होती. तिची माती केली ती मी.

पहिल्याच दिवशी माझा आकडा आला दोनशे अडतीस. तोवर ड्रायव्हरकाकांनी, म्हणजे गल्लीतल्या निवृत्त बसवाल्यांनी, एकशे दहाचा फोटो टाकून टाळ्या मिळवल्या होत्या. हा गृहस्थ चहात तीन चमचे साखर घालतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझं डोकंच सटकलं. हिला म्हटलं, "जरा बोट दे गं."

"माझं कशाला?"

"दे म्हणतो ना."

अठ्ठ्याण्णव आला. मी फोटो टाकला. "वा, मास्तर," असं नर्सबाईंनी लिहिलं. ही हसून म्हणाली, "शाळेतही शेजारच्याचंच बघून लिहीत होतात वाटतं."

दुसऱ्या दिवशीही मी बोट मागितलं. मग तो रोजचा नेमच झाला. "मला मेलीला सुयांची सवयच आहे," म्हणायची आणि डावा हात पुढे करायची. तेव्हा चष्मा नसायचा, म्हणून विचारायची, "किती आला?" मी म्हणायचो, "छान."

लाज वाटायची, नाही असं नाही. पण ड्रायव्हरकाका रस्त्यात थांबवून "मास्तर, तुम्ही खाता तरी काय?" असं विचारायचे, तेव्हा माझी छाती फुगायची. दवाखान्यातल्या तीन महिन्यांच्या तपासणीला मी दुकानातल्या गर्दीची सबब सांगून दांडी मारली.

पाचव्या महिन्यात हिचा आकडा एकशे एकेचाळीस आला. मी हिच्यावरच खेकसलो, "काल काय खाल्लंस?" मग एकशे सत्तर. मग दोनशे बारा. याचा अर्थ कळायला डॉक्टर लागत नव्हता. पण नर्सबाईंना सांगायचं, तर हिचं रक्त माझ्या मीटरवर कसं आलं ते आधी सांगावं लागणार, आणि अठरा जणांत माझं हसं होणार. म्हणून मी फोनचा कॅमेरा बिघडल्याची थाप मारली आणि नुसता आकडा लिहू लागलो. एकशे चार, एकशे सात, मनाला येईल तो. हिचं बोट मात्र टोचत राहिलो, उद्या उतरेल या आशेवर. ती विचारायची, "किती आला?" मी म्हणायचो, "छान." असे एकेचाळीस दिवस.

त्या दिवसांत ही बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायची. सुईत दोरा ओवायला चार-चार वेळा उजेडात धरायची. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. एकदा एका पँटचा एक पाय बोटभर आखूड झाला, तर मी गिऱ्हाइकासमोर हिला बोललो, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती मान खाली घालून उसवत बसली. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग तेच रोजचं बोट सुजलं. टोचायची सुईही मी चिक्कूपणाने आठ-आठ दिवस तीच वापरायचो. दवाखान्यात नर्सबाईंनी पू काढला, दुसऱ्या बोटाचा थेंब मीटरवर घेतला. तीनशे सोळा.

"काकू, याआधी साखर कधी तपासली होती?"

हिने माझ्याकडे पाहिलं. रोजच्या 'छान'चा अर्थ तिला तेव्हा उमगला असणार.

"नाही हो," ती म्हणाली. "कधीच नाही."

सुजलेलं बोट धरून ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातलं मीटर काढून मी नर्सबाईंपुढे ठेवलं. "यात आहेत," म्हटलं. "पहिला सोडून सगळे हिचेच." मीटरमध्ये प्रत्येक आकडा तारखेसकट राहतो. त्या एकेक आकडा मागे नेत पाहत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना बसमध्ये ही म्हणाली, "तुमचा आकडा लपवायला बोट दिलं होतं मी. माझा लपवायला नव्हतं दिलं."

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं बोलून टाकलं. कुणी हसलं नाही. ड्रायव्हरकाका तेवढे दुकानात येऊन हिची चौकशी करून गेले, माझ्याशी बोलले नाहीत.

हिचं बोट आता बरं आहे, नजरही पुष्कळ सुधारली. ग्रुपवर आम्ही एकोणीस जण आहोत. सकाळी दोघं टेबलाशी बसतो, ज्याचं त्याचं मीटर घेऊन. मी माझंच बोट टोचतो आणि येईल तो फोटो टाकतो. आज दोनशे चार आला. ही आधी चष्मा लावते, स्वतः टोचते, स्वतः वाचते, फोटो एकट्या नर्सबाईंना पाठवते.

मी विचारतो, "किती आला?"

"छान," ती म्हणते, आणि मीटर पालथं घालून ठेवते.